प्रस्तावना : वजन, श्वास आणि विषाणू

जुलै २००९मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटं टिपण छापून आलं. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर इथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नव्या एच१एन१ फ्लूचे १० रुग्ण होते आणि सगळ्यांचीच फुप्फुसं हात टेकायच्या बेताला आली होती. त्या १० जणांपैकी ९ लठ्ठ होते. त्यातल्या ७ जणांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त होता. पाच जणांच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडल्या, तिघे दगावले. दहा रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही आणि टिपण लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तो मांडलाही नाही. अतिलठ्ठ रुग्णांत हा आजार गंभीर वळण घेऊ शकतो, तिकडे लक्ष असू द्या, एवढंच त्यांनी इतर डॉक्टरांना कळवलं.

फ्लू कुणाला जड जातो याची यादी तोवर ठरून गेलेली होती. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गरोदर बायका, हृदयाचे, दम्याचे, मधुमेहाचे रुग्ण. त्या यादीत वजन नव्हतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या गंभीर रुग्णांच्या नोंदींतही लठ्ठपणा ठळकपणे दिसला. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात संशोधकांनी मागच्या १२ फ्लू हंगामांच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी येणाऱ्या साध्या फ्लूच्या दिवसांतही जाड माणसं श्वसनाच्या आजारानं अधिक प्रमाणात रुग्णालयात भरती होत होती, असं त्यांना आढळलं. म्हणजे गोष्ट जुनीच होती, त्या नजरेनं कुणी पाहिलं नव्हतं.

एच१एन१च्या त्या साथीतला भारतातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, घराघरांत मास्क आणि टॅमिफ्लूच्या गोळ्यांचीच चर्चा होती. वजनाचा विषय त्या चर्चेत जवळजवळ नव्हताच. खरं तर भारतीय शरीरात वजन आणि चरबी यांचं गणित वेगळं कसं असतं, यावर याच शहरात, केईएम रुग्णालयात, दीड दशकाहून अधिक काळ काम चालू होतं. साथीच्या रोगांचा अभ्यास एका इमारतीत आणि चरबीचा अभ्यास दुसऱ्या इमारतीत अशी ही परिस्थिती जगभर होती. ती बदलली ती थेट २०२० साली, आणि तीही अर्धवटच. हे दोन अभ्यास मराठी वाचकापुढे एकत्र ठेवावेत, या इच्छेतून हे पुस्तक उभं राहिलं आहे.

आपल्या भागात वजन आणि साथ यांचा संबंध आधी दिसला तो दुसऱ्या टोकानं. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून आत शिरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट मात्र संहारक ठरली. त्याच वर्षी पावसानं दगा दिला होता, धान्याचे भाव भडकले होते, आणि मुंबई इलाखा सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. त्या साथीत भारतात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. आय. डी. मिल्स यांनी १९८६ साली या साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा दुष्काळ आणि इन्फ्लुएन्झा या दोन संकटांनी एकमेकांना कसं बळ दिलं, हे त्यांनी दाखवलं. उपाशी माणसाला ताप पेलवला नाही, आणि तापानं पडलेला माणूस शेतावर जाऊ शकला नाही.

उपासमार आणि संसर्ग यांच्या या दुष्टचक्राचा मोठा शास्त्रीय आढावा जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ साली काढला. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन हे त्याचे लेखक. यातले टेलर मसुरीत जन्मलेले. पंजाबातल्या नारंगवाल या खेड्यात त्यांनी दीर्घकाळ काम केलं. जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारणारे रजनीकांत आणि मेबल आरोळे हे त्यांचेच विद्यार्थी. गोवर कुपोषित मुलाला का मारतो आणि धडधाकट मुलाला बहुधा का सोडतो, असे प्रश्न या परंपरेनं विचारले. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता ही तिचीच देणगी. या मंडळींच्या लेखी वजनाची चिंता म्हणजे कमी वजनाची चिंता. अंगानं भरलेल्या माणसाला आजार सोसेल, अंगात साठा आहे तोवर काळजी नाही, ही घराघरातली समजूतही याच अनुभवातून आलेली होती, आणि ती अगदी निराधार नव्हती.

या समजुतीला शास्त्रीय धक्का बसला तो प्रयोगशाळेतून. १९९३ साली गोखान होतामिश्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लठ्ठ प्राण्यांची चरबी दाह पेटवणारं एक रसायन स्वतःच तयार करते. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिन सापडलं. हे संप्रेरक चरबीतून निघतं, भुकेबद्दल मेंदूशी बोलतं आणि पांढऱ्या पेशींशीही बोलतं. या दोन शोधांनंतर चरबीला निव्वळ कोठार म्हणणं अवघड झालं. ती एक ग्रंथी आहे, आणि प्रमाणाबाहेर वाढली की शरीरात मंद, न विझणारा दाह चालू ठेवते. विषाणू येतो तेव्हा तो अशा शरीरात येतो जिथे प्रतिकारयंत्रणा आधीच थकलेली आणि चिडलेली आहे. सुरुवातीला विषाणूला रोखणारं जे इंटरफेरॉन वेगानं सुटायला हवं ते उशिरा आणि कमी सुटतं, आणि नंतर जी आग आटोक्यात यायला हवी ती येत नाही. कोविडच्या बाबतीत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली आणखी एक गोष्ट दाखवली. हा विषाणू चरबीच्या पेशींत आणि त्यांच्यामधल्या भक्षक पेशींत प्रत्यक्ष शिरतो आणि तिथे दाह पेटवतो.

ही झाली रोगप्रतिकारशास्त्रज्ञांची बाजू. फुप्फुसांच्या तज्ज्ञांचं म्हणणं त्याहून साधं आहे, आणि माझ्या मते सामान्य वाचकानं आधी तेच समजून घ्यावं. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल खाली सरकतं. पोटात चरबी दाटलेली असली की ते पुरतं खाली जात नाही. उताणं झोपल्यावर तर पोटाचा सगळा भार त्याच्यावर येतो. श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी ती घटते, फुप्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या मिटतात. रक्त तिथून वाहतं, पण त्याला प्राणवायू मिळत नाही. तब्येत ठणठणीत असताना हे जाणवतही नाही, फार तर जिना चढताना धाप लागते. न्यूमोनिया झाला की मात्र हाताशी असलेली सगळी राखीव ताकद आधीच खर्च झालेली असते. कोविडच्या वॉर्डात रुग्णांना तासन्‌तास पालथं झोपवत ते याच कारणासाठी. फुप्फुसाचा पाठीकडचा मिटलेला भाग त्यामुळे उघडतो. १२० किलोच्या बेशुद्ध रुग्णाला नळ्यांसकट पालथं करायला किती हात लागतात आणि रात्रपाळीला ते हात असतात का, हा प्रश्न रोगाच्या गंभीरतेत कुणी मोजत नाही. तो मोजायला हवा.

याच संदर्भात एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हेंटिलेटरनं दर श्वासाला किती हवा द्यायची, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीनंतर ठरून गेलं. किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर. त्याआधी दुप्पट देत. कमी हवा दिलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. पण हे किलो काट्यावरचे नव्हेत. ते रुग्णाच्या उंचीवरून काढायचे असतात. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी हिशोबाचं वजन ६१ किलोंच्या आसपास येतं, म्हणजे श्वासाला ३७० मिलिलिटर. त्याचं खरं वजन ११० किलो असेल आणि कुणी तोच आकडा धरला, तर ६६० मिलिलिटर हवा त्याच फुप्फुसात कोंबली जाईल आणि जे फाटायचं ते फाटेल. त्यासाठी आडव्या रुग्णाची उंची टेपनं मोजणं आवश्यक आहे. आपल्याकडच्या केसपेपरवर उंचीचा रकाना असतो. तो भरलेला फार थोड्या वेळा दिसतो.

२०२० साल उजाडलं तेव्हा मात्र कोविडचे आकडे झपाट्यानं आले. फ्रान्समधल्या लील शहरातल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या १२४ रुग्णांचा हिशोब मांडला. बीएमआय वाढत गेला तशी व्हेंटिलेटरची गरज वाढत गेली होती. ३५च्या वरच्या रुग्णांत ती ८५ टक्क्यांहून अधिक होती. न्यू यॉर्कमध्ये साठीच्या आतल्या रुग्णांत लठ्ठपणा हा स्वतंत्र धोका म्हणून पुढे आला. मग इंग्लंडमधून पावणेदोन कोटींच्या घरातल्या प्रौढांच्या नोंदी आल्या. वय, गरिबी, मधुमेह, हृदयविकार या सगळ्यांचा हिशोब वजा केल्यावरही बीएमआय ४०च्या वर असणाऱ्यांत कोविडनं मृत्यू येण्याचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. ३० ते ३५ या पट्ट्यात मात्र तो जेमतेम वाढलेला होता. हा दुसरा आकडा वर्तमानपत्रांतून फारसा आला नाही, आणि त्यामुळे किंचित स्थूल असणारी कितीतरी माणसं विनाकारण धास्तावली.

इंग्लंडमधल्याच ६९ लाख लोकांच्या आणखी एका अभ्यासानं चित्र अधिक बारीक केलं. भरती होण्याचा धोका बीएमआय २३पासूनच चढायला लागतो, दर एककामागे सुमारे ५ टक्के. अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी. हा चढ चाळिशीच्या आतल्यांत सर्वांत तीव्र होता, वय वाढत जाईल तसा तो मंदावत होता. आणि २३च्या खालीही भरतीची व मृत्यूची रेषा पुन्हा वर वळत होती. अतिकृश माणसंही धोक्यात होती. १९१८ची उपाशी माणसं आणि २००९चे अ‍ॅन आर्बरचे रुग्ण एकाच वक्ररेषेच्या दोन टोकांना आहेत, हे इथे आकड्यांनी सांगितलं. या क्षेत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शोध तो हाच.

इथे एक वाद आहे आणि तो नवख्या वाचकाला गोंधळात टाकतो. कोविडच्या पुष्कळ आधीपासून अतिदक्षता विभागांतून अशी निरीक्षणं येत होती की फुप्फुसं निकामी झालेल्यांत लठ्ठ रुग्ण तुलनेनं जास्त वाचतात. याला लठ्ठपणाचा विरोधाभास म्हणतात. काहींच्या मते चरबीचा साठा दीर्घ आजारात खरोखरच कामी येतो. साथरोगतज्ज्ञांचा आक्षेप असा की अतिदक्षता विभागाच्या दारात कोण पोचतं ते आधी पाहा. लठ्ठ रुग्णाला डॉक्टर लवकर आत घेतात, आणि तिथला कृश रुग्ण अनेकदा कर्करोगानं, क्षयानं किंवा जुन्या दम्यानं आधीच वाळलेला असतो. दोघांची तुलना करणंच सदोष. मला दुसरी बाजू अधिक पटते. जनुकांच्या आधारे केलेले अभ्यासही वजनाला केवळ सोबती न ठरवता कारण ठरवतात. तरी वाद मिटलेला नाही, आणि पुस्तकात दोन्ही मतांना जागा दिली आहे.

आकड्यांचा दुसरा फसवा वापर देशांच्या तुलनेत झाला. मार्च २०२१मध्ये जागतिक लठ्ठपणा महासंघाच्या अहवालानं सांगितलं की तोवरच्या २५ लाख मृत्यूंपैकी २२ लाख मृत्यू निम्म्याहून अधिक प्रौढ अतिवजनाचे असलेल्या देशांत झाले होते. ते देश म्हाताऱ्या माणसांचेही होते आणि मृत्यूंची नीट नोंद ठेवणारेही होते, ही बाब मागे पडली. काही आठवड्यांत भारतात दुसरी लाट आली. ज्या देशाला त्या तुलनेत सुरक्षित म्हणता आलं असतं, तिथे नाशकापासून नागपुरापर्यंत ऑक्सिजनच्या खाटेसाठी माणसं वणवण फिरत होती.

मग भारतात वजनाचा संबंध नाही की काय? आहे, पण तो काट्यावर दिसत नाही. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली दोन डॉक्टरांचा फोटो छापला गेला, पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकाच आकड्याच्या आड केवढा फरक दडू शकतो, हे याहून थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात याची मुळं जन्माच्याही आधी जातात असं दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान, फक्त चरबी तेवढी टिकवून ठेवलेली. हीच बाळं मोठी होऊन किरकोळ हातापायांची आणि सुटलेल्या पोटाची माणसं होतात. चाळिशीत त्यांना मधुमेह गाठतो. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही आणि ती स्वतःलाही तसं समजत नाहीत.

बीएमआय हे माप बेल्जियमच्या केतले यांनी एकोणिसाव्या शतकात सरासरी युरोपीय माणूस शोधताना काढलं. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. अतिवजनासाठी २५ आणि लठ्ठपणासाठी ३० या रेषा पाश्चात्त्य लोकांच्या अनुभवातून आल्या. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली एकमतानं २३ आणि २५ या रेषा सुचवल्या, आणि पोटाच्या घेरासाठी पुरुषांना ९० व बायकांना ८० सेंटिमीटर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात २०२३ साली ३९.५ टक्के लोकांत पोटाचा लठ्ठपणा आढळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत २५च्या वर बीएमआय असलेल्या बायका २४ टक्के निघाल्या, आणि त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के बायका अतिकृश. वक्ररेषेची दोन्ही टोकं एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात आहेत. मार्च २०२१मध्ये ४५ ते ५९ वयाच्या व्याधिग्रस्तांना लस देण्यासाठी केंद्रानं २० व्याधींची यादी काढली, तिच्यात लठ्ठपणा नव्हता आणि कुपोषणही नव्हतं. ब्रिटनच्या प्राधान्य गटांत बीएमआय ४०च्या वरची माणसं होती.

लशीचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडं. जाड माणसांत लशीचा परिणाम कमी दिसतो ही शंका १९८५मध्ये हेपॅटायटिस बीच्या लशीपासून आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मेलिंडा बेक यांच्या गटाला फ्लूच्या लशीबाबत आढळलं की लठ्ठ व्यक्तींत प्रतिपिंडं आधी चांगली तयार होतात, पण वर्षभरात लवकर ओसरतात. लस घेऊनही त्यांना फ्लू किंवा तसा आजार होण्याचं प्रमाण दुप्पट होतं. यावरून लस निरुपयोगी ठरत नाही. उलट अशा व्यक्तीला वेळेवर पुढचा डोस मिळायला हवा, आणि सुईही पुरेशी लांब हवी. अमेरिकी नियमांत ९० किलोंवरच्या स्त्रीसाठी आणि ११८ किलोंवरच्या पुरुषासाठी दीड इंची सुई सांगितली आहे, म्हणजे लस स्नायूत जाते, चरबीत अडकत नाही.

वजन उतरवलं तर धोका उतरतो का, हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारणार. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया आधी झालेल्या रुग्णांची इतरांशी तुलना केली. कोविडची लागण दोन्ही गटांत सारखीच झाली. पण शस्त्रक्रिया झालेल्यांत रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ४९ टक्क्यांनी आणि गंभीर आजाराचं ६० टक्क्यांनी कमी होतं. याचा अर्थ धोका हा नशिबाचा भाग नाही, बदलता येतो. पण ही गोष्ट सांगताना सूर सांभाळावा लागतो. जाड माणसाला आयुष्यभर दोष ऐकायची सवय झालेली असते. तो डॉक्टरकडे उशिरा जातो, कारण खोकला घेऊन गेला तरी बोलणं वजनावरच येणार हे त्याला ठाऊक असतं. रक्तदाबाचा पट्टा त्याच्या दंडाला पुरत नाही, सीटी स्कॅनचं टेबल पेलत नाही. ही उपेक्षाही आजार बळावण्याचं एक कारण आहे आणि तिचा विषाणूशी काही संबंध नाही. वजन हा गुन्हा नाही. ती रुग्णाबद्दलची एक महत्त्वाची माहिती आहे, रक्तगटासारखी कोरडेपणानं नोंदवायची आणि तितक्याच गांभीर्यानं वापरायची. हे पुस्तक याच भूमिकेतून लिहिलं गेलं आहे.

यातले लेखक वेगवेगळ्या पेशांतले आहेत. फुप्फुसतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका आणि स्वतः रुग्ण राहिलेली माणसंही. त्यांची मतं एकसारखी करण्याचा खटाटोप केलेला नाही. भारतीय रेषा २५ची मानावी की ३०ची, यावर दोन लेखकांचं उघड मतभेदाचं लेखन शेजारी शेजारी आहे. आहाराचे तक्ते आणि महिन्याभरात वजन उतरवण्याच्या युक्त्या यात मिळणार नाहीत. लहान मुलांवरचा भाग हवा तेवढा मोठा झाला नाही, कारण या विषयावर आपल्याकडचं स्वतःचं संशोधनच तोकडं आहे. रुग्णालयं उंची आणि पोटाचा घेर नोंदवू लागली तरच पुढच्या आवृत्तीत तो वाढवता येईल. पारिभाषिक शब्दांची सूची शेवटी दिली आहे. पोटाचा घेर सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता कसा मोजायचा याची आकृती तिच्या आधीच्या पानावर आहे.